शेळी आणि तीन ऋतू

ज्या घरी गाय किंवा म्हैस बाळगण्याचे सामर्थ्य नाही, त्या घरीही दोन-चार शेळ्या असतात. मुलांची पुस्तके, आजाऱ्याचे औषध किंवा पेरणीचे बियाणे ह्यांसाठी पैशाची निकड लागली म्हणजे त्यांतीलच एक बाजारी जाते. अशी शेळी एकाएकी मेली तर घरची शिल्लकच बुडते. पुष्कळ जण अशा वेळी "दृष्ट लागली" असे म्हणून स्वस्थ बसतात. परंतु ऋतू पालटताना शेळीच्या शरीरात काय घडते हे ज्यास समजले, त्यास ह्यांपैकी पुष्कळ मृत्यू टाळता येतात. म्हणून ह्या धड्यात त्याच गोष्टीचा विचार करू.

१. शरीरातील उष्णता

निरोगी शेळीच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३८.५ ते ३९.७ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१.३ ते १०३.५ अंश फॅरनहाइट, इतके असते. लडाखातील चांगथांगच्या बर्फाळ पठारावर चरणारी पश्मिना शेळी घ्या, किंवा धाराशिव, लातूर, सोलापूर ह्या भागांतील काळी उस्मानाबादी शेळी घ्या. दोघींच्या आतील उष्णता जवळजवळ सारखीच. मात्र ही समता फुकट राहत नाही. थंडीत शेळी खाल्लेले अन्न जाळून ऊब निर्माण करिते, आणि उन्हात अंगातील पाणी खर्चून उष्णता बाहेर टाकिते. जे अन्न व पाणी ह्या कामी गेले, ते दुधास, मांसास व पोटातील करडास मिळत नाही. हा खर्च हलका करणे हेच शेळी पाळणाऱ्याचे मुख्य काम होय.

२. उन्हाळा

उन्हाळ्यात शेळीस दोन ठिकाणांहून उष्णता पोहोचते. एक बाहेरच्या उन्हापासून, व दुसरी तिच्या स्वतःच्या पोटापासून. कोठीपोटातील सूक्ष्म जीव चारा आंबवितात, आणि त्या क्रियेत उष्णता उत्पन्न होते. शेळीस घाम थोडाच येतो. म्हणून ती मुख्यतः धापा टाकून अंग थंड करिते. स्वस्थ शेळी मिनिटास सुमारे १५ ते ३० श्वास घेते. ऊन फार झाले म्हणजे ही संख्या कित्येक पटींनी वाढते. मग ती आपण होऊन चारा कमी खाते, रवंथ मंदावतो व दूध आटते. हा तिचा हट्ट नव्हे. पोटातील भट्टी मंद करण्याचा तो उपाय आहे.

ह्यावरून आपण काय करावे? शेळ्या पहाटे व सायंकाळी चाराव्या, आणि दुपारी दाट सावलीत बांधाव्या. घरचा वाळला चारा रात्रीच्या तोंडी घालावा, म्हणजे पोटातील उष्णता गार वेळी बाहेर पडेल. पत्र्याच्या छपरावर पाचट किंवा गवत पसरावे. दुधात शंभर भागांपैकी सुमारे ८७ भाग पाणीच असते. म्हणून स्वच्छ पाणी सावलीत सतत ठेवावे.

शेळी तोंड उघडून धापा टाकीत असेल, लाळ गाळीत असेल व पायांवर डळमळत असेल, तर तिला ऊन बाधले असे समजावे. तिला तत्काळ सावलीत नेऊन पायांवर, पोटावर व सर्व अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा, आणि ती शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे. घशात बळेच पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाऊन शेळी दगावते. पशुवैद्यासही लगेच बोलवावे.

बोकडासही उन्हाची बाधा होते. त्याचे बीज तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागतात. म्हणून वैशाखात तापलेल्या बोकडाचे वैगुण्य पावसाळ्यातही दिसून येते, व शेळ्या गाभण न राहता उलटतात. ह्यास्तव त्यालाही सावली व पाणी द्यावे.

३. पावसाळा

शेळीच्या केसांमध्ये कोंडलेली हवा तिच्या अंगावर पांघरुणासारखी असते. केस भिजले म्हणजे हे पांघरूण नाहीसे होते. म्हणून पाऊस व वारा एकत्र आले असता ती कोरड्या थंडीपेक्षाही अधिक गारठते. गोठ्याची जमीन उंच व कोरडी असावी. चिखलात खूर कुजतात.

ऊब आणि ओल मिळाली की जंतांच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या थोड्याच दिवसांत ओल्या गवतावर चढतात. गवतावरील दहिवर व पावसाचे पाणी ओसरल्यावरच शेळ्या चरावयास सोडाव्या, व शक्य तेथे झाडपाला खाऊ घालावा. खालची पापणी उलटून पाहावी: ती तांबडी असल्यास बरे, पांढुरकी असल्यास रक्त पिणाऱ्या जंताचा संशय घ्यावा. जबड्याखाली सूज आली असल्यास विलंब करू नये.

पहिल्या पावसानंतर उगवलेला कोवळा चारा शेळीने एकाएकी पोटभर खाल्ला तर आंत्रविषार हा रोग होऊन धडधाकट शेळी एका रात्रीत मरते. म्हणून आरंभी थोडा वाळला चारा खाऊ घालूनच तिला बाहेर सोडावे, आणि ह्या रोगाची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी. पीपीआर नावाचा सांसर्गिक रोग भारतात १९८७ साली तमिळनाडूत प्रथम आढळला. त्याचीही लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून टोचून घ्यावी.

४. हिवाळा

मोठी शेळी पोटभर चारा व वाऱ्यापासून आडोसा मिळाल्यास आपल्याकडील थंडी सहज सोसते. भय आहे ते नवजात करडास. ते ओले जन्मते, आणि त्याच्या अंगी साठविलेली चरबी फार थोडी असते. त्यास लागलीच पुसून कोरडे करावे, व पहिल्या तासातच आईचा चीक पाजावा. पहिल्या दिवसात वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात जावा. दोन किलो वजनाच्या करडास हा सुमारे २०० मिलिलिटर होतो. चिकातील रोगप्रतिकारक शक्ती साधारण एका दिवसानंतर त्याच्या आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. म्हणून कित्येक घरी चीक टाकून देतात तो मोठाच तोटा होय.

करडाच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले तर आधी त्यास ऊब द्यावी व मग पाजावे. मात्र थंडीच्या भीतीने गोठा चहूकडून बंद करू नये; मुताची उग्र वाफ कोंडून फुप्फुसे बिघडतात. वारा येतो त्या बाजूस खाली गोणपाट बांधावे, आणि वर झरोका उघडा ठेवावा.

शेळी सुमारे १५० दिवस गाभण असते. तेव्हा करडे कोणत्या ऋतूत जन्मावी हे बोकड सोडतानाच ठरवावे. ऐन पावसाच्या झडीत शेळ्या व्याल्या तर वरील सर्व संकटे एकाच वेळी येतात.

विचारावयाचे प्रश्न

१. उन्हाळ्यात शेळी चारा कमी का खाते?
२. वाळला चारा रात्री घालण्याचे कारण काय?
३. पापणीचा रंग पाहून काय कळते?
४. चीक पहिल्याच दिवशी का पाजावा?
५. आपल्या गोठ्यात पुढील ऋतूपूर्वी कोणती एक गोष्ट सुधारली पाहिजे?