थायरॉइडचं कार्ड

लेस्टर

चि. मृण्मयी,

लीड्सला पोचलीस, खोलीही मिळाली, हे ताईकडून कळलं. तिनं तुझ्या बॅगेत गोळ्यांच्या किती बाटल्या कोंबल्या आहेत, तेही कळलं. त्या संपायची वाट न बघता या आठवड्यातच जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घाल. जाताना पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि शेवटचा टीएसएचचा रिपोर्ट ने, म्हणजे गोळी ‘रिपीट’वर, नेहमीच्या औषधांच्या यादीत, चढवायला त्यांना सोपं जाईल.

व्हिसाच्या वेळी आरोग्याचा अधिभार भरलास, त्यात डॉक्टर आला. औषधांचे पैसे त्यात नाहीत. वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडात औषधं फुकट, पण इंग्लंडात मे २०२४ पासून दर औषधामागे ९.९० पौंड पडतात. तुला मात्र ते भरायची गरज नाही. माफीच्या आजारांची एक यादी १९६८ सालापासून चालत आली आहे. रोज गोळी घ्यावी लागणारी थायरॉइडची कमतरता तिच्यात आहे, नुसत्या पथ्यावर न भागणारा मधुमेह आहे, अपस्मार आहे. दमा नाही! दम्याचा माणूस इन्हेलरचे पैसे मोजणार आणि तुला घसा दुखला तर अँटिबायोटिकसुद्धा फुकट, कारण एकदा माफीचं कार्ड मिळालं की सगळीच औषधं माफ. इतकी वर्षं फार्मसीच्या काउंटरमागे काढली, पण हा न्याय मला कधी पटला नाही. तरी तुझ्या हक्काचं तू सोडू नकोस.

कार्ड आपोआप घरी येत नाही. डॉक्टर गोळी लिहून देतील, पण कार्डाचा विषय काढतीलच असं नाही. रिसेप्शनवर एफपी९२ए हा अर्ज माग. तुझा भाग तू भरायचा, पुढची सही त्यांची. कार्ड येण्याआधी औषध घ्यावं लागलं तर पैसे भर आणि तिथल्या तिथे एफपी५७ ही पावती मागून घे. नंतर ती मिळत नाही, आणि परतावा तीन महिन्यांच्या आत मागावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काउंटरवर विचारतात, ‘पैसे भरता का?’ लोक बिनधास्त सांगतात, ‘थायरॉइड आहे, माफ आहे,’ आणि माफीच्या चौकोनात खूण करून सही ठोकतात. समोरची मुलगी हसून पिशवी देते. काही महिन्यांनी पत्र येतं: औषधाचे पैसे भरा, वर शंभर पौंडांपर्यंत दंड. आजार खरा असतो, गोळीही खरी असते, पण त्या दिवशी कार्ड चालू नसतं. कार्ड पाच वर्षांचं असतं. मुदत संपत आली की आठवणीचं पत्र येतं खरं, पण ते जुन्या पत्त्यावर गेलं तर तुला काय कळणार? तुम्ही विद्यार्थी दर वर्षी खोल्या बदलता, तेव्हा बँकेला पत्ता कळवशील तसा कार्ड देणाऱ्यांनाही कळव. मुदतीची तारीख फोनमध्ये घालून ठेव.

रिपीटचं म्हणशील तर, आठवड्याच्या गोळ्या उरल्या की एनएचएसच्या अ‍ॅपवर मागणी टाक. सर्जरीला, म्हणजे जीपीच्या दवाखान्याला, दोनेक कामाचे दिवस लागतात, पुढे फार्मसीचा वेळ वेगळा, आणि नाताळ-ईस्टरला सगळंच थंड. पुण्यात कोपऱ्यावरचा दुकानदार तोंडओळखीवर बाटली देतो, तसं इथे नाही. तरी कधी अडलीस तर गोळीविना बसू नकोस, फार्मसिस्टला गाठ किंवा एनएचएसच्या १११ला फोन कर. रक्त तपासायचा निरोप आला की टाळू नकोस. तपासणी राहिली तर सर्जरी रिपीट अडवून धरू शकते.

गोळी उठल्याबरोबर पाण्याबरोबर घे. चहा अर्ध्या तासानं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ दे. हे ताईनं शंभरदा सांगितलं असेल, पण तुझा पहिला चहा मला ठाऊक आहे.

अर्ज भरताना कुठे अडलीस तर संध्याकाळी सातनंतर फोन कर. काकांचा आशीर्वाद.

तुझी,
मावशी