औषध चालू, पण गुण का येईना?

प्रस्तावना

औषध सुरू झाले म्हणजे गुण येणारच, असे आपण धरून चालतो. परंतु काही वेळा गोळी रोज घेऊनही रक्ततपासणीचा आकडा जागचा हलत नाही. मग रुग्ण खचतो. कधी औषधाला दोष देतो, तर कधी आपल्याच मनाने गोळी वाढवतो. अशा वेळी नेमका विचार कसा करावा, हे या पाठात अवटू ग्रंथीच्या, म्हणजेच थायरॉइडच्या, मंदपणाच्या आधारे पाहू या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• अवटू ग्रंथीचे कार्य सांगू शकाल;
• गोळीचा गुण न येण्याची कारणे स्पष्ट करू शकाल;
• माहितीपर लेखातील कार्यकारणसंबंध ओळखू शकाल.

पाठ

गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. तिच्यातून स्रवणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीराच्या सर्व व्यवहारांची गती राखते. ते कमी पडले की थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, बद्धकोष्ठता होते, त्वचा कोरडी पडते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक पाठवून अवटू ग्रंथीला जणू हाक मारते. उत्तर मिळाले नाही की हाक मोठी होते. म्हणूनच ग्रंथी मंद झाली की रक्तातील टीएसएच सहसा वाढलेले आढळते.

हा आजार उपचाराविना घातक ठरू शकतो. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीवर उपचार केले. ती पुढे २८ वर्षे जगली. मात्र औषध तिला अखेरपर्यंत घ्यावे लागले. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले. आज तेच संप्रेरक कृत्रिमरीत्या तयार करून लहानशा गोळीतून दिले जाते.

आता भिलाईच्या सेक्टर ६ मधील एका मराठी कुटुंबाची कल्पना करू. काका पोलाद कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांची पहिली पाळी असली की पहाटेच घरात दिवा लागतो. काकू चहा ठेवतात, डबा भरतात आणि त्याच धांदलीत चहाच्या घोटाबरोबर थायरॉइडची गोळी घेतात. पाठोपाठ लोहाची आणि कॅल्शियमचीही घेतात. दोन महिन्यांनी तपासणी केली, तर टीएसएच ११ वरून जेमतेम १० वर आलेले. शेजारच्या वहिनींनी सुचवले, "दोन गोळ्या घेऊन बघा ना!" काकूंनाही ते पटू लागले होते, पण आधी त्या डॉक्टरांकडे गेल्या.

"काकू, गोळी घेता हे कळले. ती कशी घेता, तेवढे सांगा," डॉक्टर म्हणाले.

"चहाबरोबर घेते हो. सगळ्या एकदमच घेते, म्हणजे विसरायला नको."

"मग औषध वाढवण्याआधी वेळ बदलू या."

डॉक्टरांनी वेळ बदलण्यास का सांगितले? लोह आणि कॅल्शियम आतड्यात या गोळीला धरून ठेवतात. त्यामुळे ती पुरेशी शोषली जात नाही. चहा, कॉफी, सोयाबीनचे पदार्थ आणि आम्लपित्तावरील काही औषधेही शोषणात अडथळा आणतात. म्हणून ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-न्याहारीच्या ३० ते ६० मिनिटे आधी घ्यावी. लोह व कॅल्शियम यांच्यापासून तिला ४ तासांचे अंतर असावे. पहाटे जमत नसेल, तर रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. वेळ कोणतीही असो, ती रोज एकच असावी.

गोळ्या कोठे ठेवतो, यालाही महत्त्व आहे. उष्णता, उजेड आणि ओलावा यांनी हे औषध कमजोर होते. भिलाईच्या मे महिन्यातील उन्हाळ्यात शेगडीजवळच्या फळीवर बाटली ठेवणे योग्य नव्हे. गोळी किती मायक्रोग्रॅमची आहे, हेही प्रत्येक वेळी वाचून पाहावे.

तपासणीची घाईही करू नये. थायरॉक्सिनची रक्तातील पातळी निम्मी होण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे मात्रेतील बदलाचा खरा परिणाम दिसण्यास ६ ते ८ आठवडे जातात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर तपासणीपूर्वी सांगावे; त्यांच्यामुळे अहवाल चुकीचा येऊ शकतो.

काकूंनी वेळ बदलली. पुढच्या तपासणीत टीएसएच ६ वर आले. आकडा उतरला, तरी पुरेसा नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी मात्रा थोडी वाढवली. या वेळी मात्र ती वाढवण्याला आधार होता. सर्व नियम पाळूनही सुधारणा न झाल्यास आतड्याचे विकार, अन्य औषधे यांचा शोध घ्यावा लागतो.

आपल्या मनाने मात्रा वाढवल्यास छातीत धडधड, हातांना कंप, निद्रानाश होतो आणि दीर्घकाळात हाडे ठिसूळ होतात. औषध अचानक बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे. गर्भवती स्त्रीला थायरॉक्सिनची गरज वाढते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. आयोडीनयुक्त मीठ वापरावेच; पण शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटली असेल, तर जास्त आयोडीन खाऊन ती सुधारत नाही, उलट बिघडू शकते.

आकडा हलत नाही, याचा अर्थ उपचार हरला असा नाही. 'मी गोळी घेतो का?' याबरोबरच 'मी ती कशी घेतो?' हाही प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

शब्दार्थ

संप्रेरक – ग्रंथीतून थेट रक्तात मिसळणारा द्रव्यपदार्थ
मात्रा – औषधाचे ठरवून दिलेले प्रमाण
कंप – थरथर

पाठगत प्रश्न

१. अवटू ग्रंथी मंद झाल्यावर टीएसएच का वाढते?
२. काकूंच्या सवयीतील दोन चुका सांगा.
३. 'म्हणून' आणि 'त्यामुळे' हे शब्द आलेली प्रत्येकी दोन वाक्ये शोधा. त्यांतील कारण व परिणाम वेगळे लिहा.

उपक्रम

तुमच्या घरी रोज घेतल्या जाणाऱ्या औषधांची नावे, मात्रा आणि वेळा एका वहीत लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या.