टाळीची वाक्यं

एडिसन, न्यू जर्सी

चि. सोनू,


तुझं पत्र वाचलं. माणूस गेल्यावर त्याची पाच-दहा वाक्यं जरी लोकांच्या तोंडी राहिली तरी जन्म सार्थकी लागला, असं तू लिहिलंयस. सुचलेली वाक्यं फोनमध्ये टिपून ठेवतेस, हेही लिहिलंयस. शब्द तुला लहानपणापासून वश आहेत. ज्याच्याकडे ही देणगीच नाही त्याला काही सांगायची गरज नसते; तुझ्याकडे आहे म्हणून लिहिते.

तू न्यूयॉर्कला राहतेस, तर तिथलंच उदाहरण घे. मॅनहॅटनच्या वेस्ट 44 व्या रस्त्यावर अल्गॉन्क्विन हॉटेल आहे. 1919 पासून साधारण दहा वर्षं तिथे दुपारच्या जेवणाला लेखक, नाटककार आणि समीक्षक एका गोल टेबलाभोवती जमायचे. डोरोथी पार्कर ही त्यांतली सगळ्यात तिखट जिभेची. जन्म आपल्या न्यू जर्सीतल्याच लाँग ब्रँचचा, 1893 चा. टेबलावर कुणी काही झकास बोललं की फ्रँकलिन पी. अ‍ॅडम्स ते आपल्या वर्तमानपत्रातल्या सदरात छापायचा आणि ते गावभर व्हायचं. तुला जे हवंय ते तिला तिशीतच मिळालं होतं.

पुढे 1956 साली ‘पॅरिस रिव्ह्यू’ला दिलेल्या मुलाखतीत तिने सांगितलं, की आपण तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागत. यात तिला मिरवण्यासारखं काही वाटत नव्हतं. जिच्याकडून सगळे फक्त कोटीचीच वाट बघतात, तिने एखाद्या दिवशी मनातली वेदना बोलायची ठरवली तर कुणाशी बोलायची? त्याच मुलाखतीत तिने कोटी आणि खरा विनोद यांतला फरक सांगितला: विनोदात सत्य असतं, कोटी ही शब्दांची नुसती कसरत असते. ज्या बाईचं नाव कोट्यांवरच झालं तिने हे सांगावं, याला मी फार महत्त्व देते.

आणि वाक्यं तरी कुठे आपली राहतात? तिच्या नावावर फिरणाऱ्या कित्येक वाक्यांना ती तिचीच असल्याचा पुरावा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गारठलेल्या उन्हाळ्यावरचं मार्क ट्वेनचं म्हणून जे वाक्य सगळे सांगतात, ते त्याच्या लिखाणात सापडत नाही. आपल्याकडे पुलंच्या नावाने रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर जे येतं, त्यातलं बरंचसं पुलंचं नसतंच. लोक आपल्याला आवडलेलं वाक्य आपल्याला आवडलेल्या नावाला चिकटवून मोकळे होतात. बेंजामिन फ्रँकलिनने तर 1758 च्या पंचांगात कबूलच केलं, की त्याच्या नावावर जमा झालेल्या शहाणपणातला दहावा हिस्साही त्याचा स्वतःचा नव्हता.

पार्करबाईंचं मृत्युपत्र मात्र तू वाक्यांपेक्षा जास्त लक्षात ठेव. 1927 साली साको आणि व्हान्झेटी या दोन स्थलांतरितांच्या मृत्युदंडाविरुद्ध ती बॉस्टनच्या रस्त्यावर उतरली होती आणि तिला अटकही झाली होती. 1967 च्या जूनमध्ये ती गेली. आपलं सगळं तिने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावे ठेवलं होतं, आणि त्यांना ती कधी भेटलीही नव्हती! पुढच्याच एप्रिलमध्ये किंग यांची हत्या झाली, तेव्हा तिच्याच इच्छेप्रमाणे ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेकडे गेलं. तिची रक्षा मात्र कुणी न्यायला आलं नाही. वकिलाच्या कचेरीतल्या फायलींच्या कपाटात ती वर्षानुवर्षं पडून होती. अखेर 1988 साली एनएएसीपीनेच ती बाल्टिमोरला नेली आणि आपल्या आवारात तिच्यासाठी बाग केली. 2020 मध्ये ती ब्रॉन्क्सच्या वुडलॉन दफनभूमीत, तिच्या माणसांजवळ, आली. रक्षा कपाटात पडून होती तेव्हा तिच्या वाक्यांवर हसलेलं अर्धं न्यूयॉर्क हयात होतं, हे मला सारखं आठवतं.

पुलंचंही वाक्यांपेक्षा देणंच जास्त लक्षात ठेवण्यासारखं. पुण्यात 1986 साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने. तिथून सुधारून घरी परतलेल्या माणसाच्या बायकोला पुलंचा एकही विनोद पाठ नसेल, तरी त्या घरावर त्यांचं देणं आहे.

बोलूच नकोस, असं मी म्हणत नाही. तुझ्या बोलण्याने घर हसतं, ते मला हवंच आहे. पण गेल्या दिवाळीतलं एक सांगते. तुझे आजोबा, म्हणजे माझे भाऊजी, 1969 साली इथे उतरले त्या रात्रीचं सांगत होते. तेव्हा भारतातून निघताना फक्त आठ डॉलर बरोबर आणता येत. तेवढ्यात, आता आठ डॉलरमध्ये काय येतं यावर तू एक वाक्य टाकलंस. सगळे खळखळून हसले, भाऊजीही हसले. मग कुणीतरी फराळाचं ताट पुढे केलं आणि गोष्ट तिथेच थांबली. त्या रात्री ते कुठे झोपले, कुणी जेवू घातलं, हे त्या खोलीतल्या तरुण मुलांपैकी कुणालाच कळलं नाही. तुझं वाक्य चांगलंच होतं, पण त्या क्षणी तुझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ते काय सांगताहेत यापेक्षा आपल्याला शिरायला फट कुठे मिळते, हे तू शोधत होतीस. आठवणीत राहायची हाव धरली की समोरचा माणूस नुसता प्रेक्षक होतो, आणि हे हळूहळू तुझ्याही नकळत होतं. याचीच मला काळजी वाटते.

वाक्य सुचलं की एवढंच बघ: हे याच माणसाच्या बोलण्यातून निघालंय, की आधीच खिशात तयार होतं? पहिलं असेल तर खुशाल बोल. दुसरं असेल तर समोरच्याला आधी पुरं करू दे. त्याचं संपेपर्यंत तुझं वाक्य विसरलं गेलं तरी काही बिघडत नाही.

भाऊजींना आता नीट ऐकू येत नाही, म्हणून फोनऐवजी व्हिडिओवर बोल, म्हणजे त्यांना तुझे ओठ दिसतात. शनिवारी सकाळी ते मोकळे असतात. त्या रात्रीचं विचार, आणि जमलं तर रेकॉर्ड करून मलाही पाठव. थँक्सगिव्हिंगला येशील तेव्हा तुझ्या आवडीच्या पुरणपोळ्या करेन.

तुझी,
मावशीआजी