सोगनच्या खोऱ्यातलं मेटल : ‘विन्दिर’चा पहिला अल्बम

ब्लॅक मेटल म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात : ‘हा कसला गोंगाट?’ आणि ‘चर्च जाळणारे तेच ना?’ दोन्हींत तथ्य आहे. तरीही या प्रकारातला एक अल्बम साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ऐकावा असं मला वाटतं. ‘विन्दिर’ या नॉर्वेजियन बँडचा १९९७ सालचा ‘सोकनारदाल’.

पश्चिम नॉर्वेतल्या सोगन भागात सोगनदाल नावाचं गाव आहे. ‘सोकनारदाल’ हे त्याचंच जुनं नाव. तिथल्या तेर्ये बाकेन या मुलानं ‘वाल्फार’ हे नाव घेऊन बँड सुरू केला. अल्बम आला तेव्हा तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा, म्हणजे आपल्या एफ.वाय.च्या पोरांएवढा. ड्रम सोडले तर बरंचसं वादन त्याचं स्वतःचंच.

आता ऐकायचं काय? ब्लॅक मेटलमध्ये गिटारवर एकेक स्वर इतक्या वेगानं छेडतात की त्याची सलग भिंत तयार होते. खाली ड्रमचा मारा, वर घसा खरवडणारी किंकाळी. विन्दिर हे सगळं करतो, पण त्या भिंतीतून गावच्या नाचाची वाटावी अशी चाल निघते. गुणगुणता येणारी, गोल फिरून पुन्हा जागेवर येणारी. मध्येच किंकाळी थांबते आणि साध्या, भरदार आवाजात गाणं सुरू होतं. पहिल्यांदा ऐकताना चाल सापडत नाही. आवाज थोडा कमी करून ऐका, मग सापडते. (आईनं ‘कमी कर ते’ म्हटलं तेव्हा मला हा शोध लागला.)

या संगीताला ‘व्हायकिंग’ म्हणतात, पण ते लेबल जरा फसवं आहे. व्हायकिंग काळ अकराव्या शतकातच संपला आणि त्या काळच्या संगीताचं लेखन काही उरलेलं नाही. आज नॉर्वेचं लोकसंगीत म्हणून जे ऐकू येतं ते बरंचसं गेल्या तीनेकशे वर्षांतलं : शेतकऱ्यांचे नाच आणि हार्डांगर फिडल. या फिडलला मुख्य तारांखाली आपल्या सारंगीसारख्या तरफा असतात.

आणि इथेच मला, एका कॅथलिक मुलीला, थांबावं लागलं. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतल्या कडक धर्मजागृतीच्या लाटेत या फिडलला सैतानाचं वाद्य ठरवलं गेलं. कितीतरी वादकांनी ती फोडली, जाळली. जाळणारे आपलेच, म्हणजे ख्रिस्ती. शंभरेक वर्षांनी, ६ जून १९९२ रोजी, बर्गेनजवळचं फान्तोफ्तचं लाकडी चर्च जाळलं गेलं, आणि त्यानंतर आणखी काही. जळक्या चर्चचा फोटो तर एका अल्बमच्या कव्हरवरही छापला गेला. हे चर्च मुळात सोगनमधल्या फोर्तुनचं, साधारण ११५० सालचं. ते पाडलं जाऊ नये म्हणून १८८३ मध्ये फान्तोफ्तला हलवलं होतं. म्हणजे जळालं ते वाल्फारच्याच मुलखाचं लाकूड. ते पुन्हा बांधून पूर्ण झालं १९९७ मध्ये, ‘सोकनारदाल’च्याच वर्षी.

फिडल जाळली म्हणून चर्च जाळणं योग्य ठरत नाही. प्रार्थनेची जागा जाळणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही. पण सोगनच्या या मुलानं जुन्या मुलखाचा अभिमान काडी न ओढता मांडला, हा फरक मला मोठा वाटतो.

तो अभिमान दिसतो भाषेत. वाल्फारनं गाणी लिहिली ती सोगनच्या बोलीत, आणि बँडनं आपल्या संगीताला नाव दिलं ‘सोगनामेटल’. नॉर्वेत लिहिण्याच्या दोन अधिकृत भाषा आहेत. त्यांतली नीनोर्स्क ईवार ओसेन यानं गावोगाव फिरून, बोली गोळा करून उभी केली. बोलण्याची अधिकृत प्रमाणभाषा मात्र तिथे नाही.

आमच्या लामत्याकडे मराठी, पोवारी, हिंदी, गोंडी एकाच बाजारात ऐकू येतात. घरी मी ‘मले’, ‘तुले’च म्हणते. एका वक्तृत्व स्पर्धेत तोंडातून ‘मले’ निघालं आणि अख्खा हॉल हसला. तेव्हापासून स्टेजवर मी ‘मला’च म्हणते. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार बघताना मात्र तीच बोली ढोलकीवर ऐकू येते आणि कुणी हसत नाही. हा अल्बम ऐकताना मला मंडईच आठवली. दंडारीतली चाल कुणी इलेक्ट्रिक गिटारवर, आपल्याच बोलीत का आणू नये? ‘अशुद्ध’ म्हणून की ‘गावठी’ म्हणून?

जानेवारी २००४ मध्ये वाल्फार डोंगरातल्या घराच्या झोपडीकडे पायी निघाला आणि हिमवादळात गारठून गेला. वय पंचवीस. बँड तिथेच संपला. ऐकायला सुरुवात करायची तर शेवटच्या, शीर्षकगीतापासून करा आणि मग मागे या. माझ्याकडे हेडफोन आहेत, सोसायटीच्या पुढच्या बैठकीला आणते.