आधी ब्रश, मग चहा

पोरी, आदिलाबादला स्वतःचं पार्लर टाकतेस, ऐकून जीव सुखावला. बेला, जैनथ, किनवट, पांढरकवडा, कुठकुठल्या नवऱ्या लग्नसराईत तुझ्यापुढं हात ठेवून बसतील. अ‍ॅक्रिलिक नखांचे कितीतरी ब्रश माझ्या हातून गेले. त्यातले कामानं झिजलेले थोडेच. बाकीचे काम संपल्यावरच्या पाच मिनिटांच्या आळसानं गेले. तुझे तसे जाऊ नयेत म्हणून हे लिहून देते.

१. नवा ब्रश लगेच लिक्विडात, म्हणजे मोनोमरमध्ये, बुडवू नकोस. केस कोरडेच हलक्या बोटांनी मोकळे कर, भुकटी झटक, मग भिजव — टोक जमून राहावं म्हणून कारखान्यात खळ लावलेली असते, ती पहिल्याच नखात कण होऊन दिसते.

२. शिकताना कोलिन्स्कीच्या केसांचा ८ नंबरचा एक ब्रश पुरे — हे केस लिक्विड धरून ठेवतात आणि पुन्हा टोकावर येतात. पण पक्की पावती घे; मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी स्वस्तात पुढं केला तर हातही लावू नकोस, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

३. साबण-पाण्यानं धुवायचा मोह तुला होणारच, तू लहानपणापासून स्वच्छतेची! पण ज्या मोनोमरनं काम केलंस त्यातच ब्रश स्वच्छ कर — ज्या ब्रशला पाणी लागलं, त्याचं टोक पांगलं.

४. अ‍ॅसिटोनची बाटली ब्रशपासून लांब ठेव — ते केसांतला ओलावा ओढून घेतं आणि केस झाडूच्या काडीसारखे ठिसूळ होतात.

५. लिक्विड काचेच्या छोट्या वाटीत घे आणि केस अर्धेच बुडव — धातूच्या गळ्यात पावडर शिरून घट्ट झाली, की केस आतून फाकतात आणि गळायला लागतात.

६. वाटीत उरलेलं लिक्विड परत बाटलीत ओतू नकोस, बेसिनमध्येही नको. टिश्यूत टिपून झाकणाच्या डब्यात टाक — वाटीतली पावडर अख्खी बाटली नासवते. आणि हे लिक्विड पेट घेतं, म्हणून जवळपास उदबत्तीसुद्धा नको.

७. आपला मुलुख कापसाचा, तरी ब्रश पुसायला कापूस घेऊ नकोस. तंतू न सुटणारा टिश्यू घे आणि टोकाच्या दिशेनंच पूस — एक तंतू पावडरच्या ओल्या मण्यात अडकला की नखात कायमचा दिसतो.

८. टोक बोटांनी वळू नकोस, ओठांनी तर मुळीच नाही. मोनोमरनं ओल्या केलेल्या टिश्यूवर फिरवून वळ आणि हातात नायट्राइलचे मोजे घाल — मोनोमर कातडीला वारंवार लागला तर जन्माची अ‍ॅलर्जी जडते, पुढं दाताच्या कामातही ती आडवी येते.

९. जेलचा ब्रश वेगळा ठेव, आणि तोही खिडकीपासून लांब — जेलला घट्ट करणारे किरण उन्हातही असतात, आणि आपलं ऊन दिव्याची वाट बघत बसत नाही.

१०. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की मणी लहान घे आणि ब्रश दर दोन मण्यांनी पूस — उन्हाळ्यात पावडर नखावर जायच्या आत ब्रशवरच बसते. पौषात केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, त्या थंडीत खोली आधी उबदार कर, नाहीतर मणी दाणेदार होतो आणि जमायला वेळ लावतो.

११. ब्रशवर पावडर वाळलीच, तर नखानं खरवडू नकोस. झाकलेल्या वाटीत मोनोमरमध्ये काही तास भिजू दे, मग हळूच टिपून घे — घाईनं काढला मळ, सोबत गेलं केसांचं बळ.

१२. एखादा केस बाहेर आला म्हणून कात्री लावू नकोस — कापलेला केस बोथट होतो, मण्यात रेघ उमटवतो.

१३. ब्रश आडवा ठेव, नाहीतर टोक खाली करून टांग. टोक वर करून पेल्यात कधीच नको — लिक्विड उतरून गळ्यात जमतं. टोपण घालताना दांड्याकडून सरकव, म्हणजे केस दुमडत नाहीत.

१४. फार स्वस्त, फार उग्र वासाचं लिक्विड आलं तर लेबल वाच, त्यावर मिथाइल मेथाक्रिलेट असेल तर परत कर — १९७० च्या दशकातच अमेरिकेत यावर कारवाई झाली होती. त्यानं बसवलेलं नख इतकं घट्ट धरतं, की अडकलं तर खालचं खरं नखही उखडतं.

१५. ब्रश कधी बदलायचा ते कॅलेंडर सांगत नाही, टोक सांगतं: भिजवून पुसल्यावरही टोक जुळत नाही, केस गळतात, गळा हलतो, बूड पिवळं नि कडक झालंय — यातलं एक दिसलं की तो कामातून काढ. नवरीच्या हातावर म्हाताऱ्या ब्रशचा हट्ट नको.

१६. निवृत्त ब्रश फेकू नकोस. दांड्याला रंगीत पट्टी बांधून चमकी झटकायला ठेव — पट्टी नसेल तर घाईत तोच हातात येतो.

पोरी, तुझे आजोबा नांगर सुटल्यावर आधी बैलांना पाणी दाखवायचे, मग स्वतः तांब्या उचलायचे. तूही शेवटचं गिऱ्हाईक गेलं की आधी ब्रश टिपून आडवा ठेव, मग चहा टाक. पार्लर सुरू झालं की पहिला चहा मी तुझ्याकडंच घेईन, पण ब्रश झाकलेला बघूनच.