विषाणूच्या अंगावरील माणसाच्या खुणा

इतिहासाच्या शिक्षकाने विषाणूवर का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण आपल्या वसतिगृहातच घडले. काही वर्षांपूर्वी येथे एक विद्यार्थी होता. त्याचे वडील एड्सने गेले. आईलाही तीच लागण होती. परंतु औषधाविना ती कितीतरी वर्षे शेतमजुरी करीत राहिली. गावाने निष्कर्ष काढला, बापाला पाप भोवले आणि आईला पूर्वजन्मीची पुण्याई तारून गेली. ही हकीकत येथे कळली तेव्हा एका पालकाने त्या मुलाचे ताट वेगळे ठेवावे असे सुचविले. मुलाला लागण नव्हती. असती तरी ती ताटातून पसरत नाही, हे समजावण्यात एक सायंकाळ गेली. वेगळ्या ताटाचा अर्थ आम्हाला पुस्तकातून शिकावा लागत नाही; तरीही ती सूचना आमच्यातूनच यावी, हे मला आजही बोचते. त्या माउलीची कसली तपासणी झालेली नव्हती, म्हणून तिच्याविषयी काही ठामपणे म्हणणार नाही. पण एकाच विषाणूने एक माणूस लवकर जातो आणि दुसरा तग धरतो, याची जी कारणे विज्ञानाने शोधली आहेत त्यांत पाप-पुण्य कोठेही नाही.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा. तो ज्या खोबणीत बसवला जातो ती खोबण म्हणजे एचएलए नावाचे प्रथिन. रक्तातील मारक टी-पेशी हे तुकडे तपासत फिरतात. परका तुकडा दिसला की ती पेशी नष्ट करतात. या खोबणीची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. ए, बी आणि सी असे त्यांचे तीन मुख्य प्रकार असून प्रत्येकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून येते. माणसामाणसांत सर्वाधिक वैविध्य असलेल्या जनुकांत यांची गणना होते. एकट्या ‘बी’ची हजारो रूपे नोंदली गेली आहेत. प्रत्येक रूपाची खोबण निराळी, म्हणून एकाच विषाणूचे निरनिराळे तुकडे निरनिराळ्या माणसांत उघडे पडतात. ज्यांना आईवडिलांकडून दोन भिन्न रूपे मिळाली त्यांची टेहळणी अधिक विस्तृत. दोन्हीकडून एकच रूप मिळालेल्यांमध्ये एड्स लवकर बळावतो, असे १९९९ मध्ये दिसून आले. शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

एचआयव्हीची नक्कल करणारे विकर चुका दुरुस्त करीत नाही. त्यामुळे एकाच रुग्णाच्या शरीरात विषाणूची असंख्य किंचित भिन्न रूपे सतत जन्म घेतात. ज्या रूपाचा तुकडा खोबणीत नीट बसत नाही, किंवा बसूनही ओळखला जात नाही, ते वाचते व वाढते. यालाच विषाणूचे निसटणे म्हणतात.

‘बी-५७’ हे रूप असलेली माणसे सरासरीने एचआयव्हीला अधिक काळ थोपवतात. त्यांच्या टी-पेशी विषाणूच्या आतील कवचाच्या प्रथिनावर, म्हणजे गॅगवर, नेम धरतात. विषाणू तेथे २४२ व्या स्थानावरील एक अमिनो आम्ल बदलून निसटतो खरा, पण कवचाची घडण बिघडते आणि त्याची वाढ मंदावते. असा बदललेला विषाणू पुढे ‘बी-५७’ नसलेल्या माणसाच्या शरीरात गेला, तर तेथे दडपण नसल्याने तो हळूहळू मूळ रूपावर परततो. ही परतफेड २००४ मध्ये दाखवून देण्यात आली. ‘बी-२७’ची कथा निराळी. तेथे निसटण्यासाठी विषाणूला आधी दुसऱ्या ठिकाणी भरपाईचा बदल करावा लागतो, म्हणून त्याला बहुधा वर्षे लागतात. मात्र तो एकदा निसटला की इतकी वर्षे ताब्यात असलेला रुग्ण ढासळू शकतो.

सर्वच बदल परतत नाहीत. ज्यांची किंमत विषाणूला फारशी मोजावी लागत नाही ते टिकतात आणि समाजात साचत जातात. येथे माझ्यातला इतिहासाचा माणूस जागा होतो. जपानमध्ये सुमारे एकपंचमांश लोकांत ‘बी-५१’ आढळते. १९८०च्या दशकात रक्तघटकांच्या औषधातून लागण झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांना त्याचे संरक्षण मिळत होते. नंतरच्या काळात लागण झालेल्यांत ते उरले नाही. ‘बी-५१’ला चुकवणारा बदल तोवर तेथील विषाणूत इतका रुजला होता की तो ‘बी-५१’ नसलेल्यांतही सर्रास सापडे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरातील नऊ गटांची तुलना होती. ज्या प्रदेशात एचएलएचे एखादे रूप अधिक, तेथे त्याला चुकवणारे बदलही अधिक, असा तिचा निष्कर्ष. आपण ताम्रपट वाचून राजवटी ठरवतो. येथे विषाणूचा अनुक्रम वाचून तो कोणत्या लोकांतून आला याचा माग लागतो.

हे साचणे म्हणजे सरळसोट अधोगती, असे मात्र समजू नये. बोट्स्वानात साथ दक्षिण आफ्रिकेतील डर्बनपेक्षा आधी भडकली व अधिक पसरली. तेथे ‘बी-५७’चे संरक्षण डर्बनसारखे दिसत नाही, परंतु बोट्स्वानातील विषाणूची वाढीची क्षमताही कमी आढळली. निसटण्याची किंमत त्याने अशी मोजली. भारतात मुख्यतः आढळणारा ‘सी’ उपप्रकार या दोन्ही ठिकाणीही प्रमुख आहे, म्हणून या निरीक्षणांकडे आपण परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये.

आता उरली ‘चांगल्या’ जनुकाची गोष्ट. ‘बी-५७’चीच एक उपजात, ‘५७:०१’, भारतातही आढळते. एचआयव्हीवरील अबाकाविर हे औषध तिच्या धारकांपैकी अनेकांना घातक प्रतिक्रिया देते: ताप, पुरळ, श्वासाचा त्रास, कधी मृत्यूही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दोन हजार रुग्णांवरील चाचणीने दाखविले की आधी ही जनुकतपासणी केल्यास हा धोका जवळजवळ पूर्ण टळतो. विषाणूला थोपवणारे रूप ज्याच्या रक्तात सापडेल, त्याच्या कागदावर डॉक्टर लिहितात: अबाकाविर देऊ नये.