न ओसरणारा थकवा : रुग्णाचे भवितव्य आणि समाजाचे कर्तव्य

थकवा हा श्रमाचा सोबती आहे. पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतकरी थकतो, परीक्षेच्या काळात विद्यार्थी थकतो. पुरेशी झोप आणि चार दिवसांचा विसावा मिळाला की दोघेही ताजेतवाने होतात. परंतु सहा महिने उलटले तरी जो थकवा हटत नाही आणि विश्रांतीनेही ज्याला उतार पडत नाही, तो निराळा समजला पाहिजे. अशा रुग्णाचे पुढे काय होते, तो पूर्ववत होतो काय आणि त्याच्या भवितव्यात कुटुंब, शाळा व कार्यालय यांचा वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा सुखवस्तूंचा आजार आहे काय?

वडोदरा शहरातील अलकापुरी ही सुखवस्तू वस्ती. तेथील एखाद्या गृहस्थाने सततच्या थकव्याची तक्रार केली, तर ‘बसून खाण्याचा परिणाम’ असे म्हटले जाते. त्याच घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईने तीच तक्रार केली, तर ‘रक्त कमी असेल’ एवढ्यावर विषय संपतो. हा दुसरा तर्क अगदीच निराधार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ या वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण गुजरातेत ६५ टक्के, तर महाराष्ट्रात ५४ टक्के आढळले. तथापि, तेवढ्याने प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळत नाही.

या बाबतीत गोव्यातील एक पाहणी उद्बोधक आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातील १८ ते ५० वर्षे वयाच्या सुमारे २,५०० स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे १२ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा जाणवत होता. दारिद्र्य, पतीकडून होणारा छळ आणि मानसिक क्लेश जेथे होते, तेथे हे प्रमाण अधिक होते. रक्तातील हिमोग्लोबिनशी मात्र या थकव्याचा संबंध आढळला नाही. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. दीर्घकालीन थकवा हा सुखवस्तूंचा आजार नव्हे. आणि लोहाच्या गोळ्या हाती ठेवल्या म्हणजे आपले कर्तव्य संपले, असेही नव्हे.

प्रथम तपासणी

सर्वच थकवा एका जातीचा नसतो. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे विकार, क्षयरोग, नैराश्य अशा अनेक कारणांनी तो येतो आणि यांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत. म्हणून रुग्णाने प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वडोदऱ्यातील सर सयाजीराव रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयात तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

या तपासण्यांत कारण सापडले नाही, म्हणजे आजारच नाही, असे मात्र समजू नये. ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या नावाने ओळखला जाणारा स्वतंत्र विकार वैद्यकशास्त्राने मान्य केला आहे. त्याची प्रमुख खूण अशी की, थोड्याशा शारीरिक वा बौद्धिक श्रमानंतर, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, रुग्ण एकाएकी ढासळतो आणि पूर्वस्थितीवर येण्यास त्याला कित्येक दिवस लागतात. झोपेने ताजेपणा येत नाही, स्मरण व एकाग्रता मंदावते, उभे राहिल्यास चक्कर येते.

पुष्कळदा या विकाराची सुरुवात एखाद्या तापानंतर होते. ऑस्ट्रेलियातील डबो या भागात तीन प्रकारच्या संसर्गांनंतर २५३ रुग्णांवर लक्ष ठेवण्यात आले. सहा महिन्यांनंतर त्यांतील सुमारे ११ टक्के रुग्णांत हा विकार आढळला. मूळ ताप जितका तीव्र, तितका धोका अधिक. रुग्णाच्या स्वभावाचा त्याच्याशी फारसा संबंध दिसला नाही. या संसर्गांपैकी एक, रॉस रिव्हर ताप, हा चिकुनगुन्याचा जवळचा आप्त आहे. २००६ साली चिकुनगुन्याची आणि २०२० नंतर कोविडची साथ अनुभवलेल्या आपल्या प्रदेशाने या माहितीची विशेष दखल घ्यावयास हवी.

भवितव्य काय?

येथे खोटा दिलासा देणे योग्य होणार नाही. २००५ साली पूर्वीच्या १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातील मध्यम आकड्यानुसार पूर्णपणे बरे होणारे प्रौढ रुग्ण सुमारे ५ टक्केच होते. मात्र सुधारणा झालेल्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. अनेकांची प्रकृती वर्षानुवर्षे वरखाली होत राहते. काहींना अंथरुणही सुटत नाही. खात्रीने बरे करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. म्हणून तशी ग्वाही देणाऱ्या जाहिरातींवर पैसा खर्च करू नये.

मुलांच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. ऑस्ट्रेलियातील सुमारे ८०० तरुण रुग्णांच्या दीर्घकालीन अभ्यासात पाच वर्षांपर्यंत ३८ टक्के आणि दहा वर्षांपर्यंत ६८ टक्के रुग्णांनी आपण बरे झाल्याचे सांगितले. ज्यांचा शिक्षणाशी संबंध तुटला नाही, त्यांचे पुढील आयुष्य अधिक सुरळीत गेले.

शक्तीचा हिशेब

‘जरा हिंडाफिरा, व्यायाम करा, म्हणजे बरे वाटेल’ हा सल्ला सद्‌हेतूने दिला जातो. परंतु या विकारात तो अपायकारक ठरू शकतो. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२१ साली ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवीत नेण्याचा उपचार आपल्या शिफारशींतून वगळला. त्याऐवजी शक्तीचा हिशेब ठेवण्यावर तिने भर दिला आहे. तुटपुंज्या मिळकतीत संसार करणारी गृहिणी महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात सारा पैसा खर्च करीत नाही. तसेच रुग्णाने बरे वाटणाऱ्या दिवशी साठलेली सारी कामे उरकू नयेत. कामाचे लहान भाग पाडावे, दोन कामांमध्ये विसावा घ्यावा, बसून करता येईल ते उभ्याने करू नये. कोणत्या श्रमानंतर प्रकृती ढासळली, याची वहीत नोंद ठेवावी.

आपण काय करावे?

शिक्षकांनी वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या पालकांची भेट घ्यावी. अर्धा दिवस शाळा, घरी पाठविलेला अभ्यास, खेळाच्या तासातून सूट अशा सवलतींनी त्याचे वर्ष वाचू शकते.

अधिकाऱ्यांनी रुग्ण कर्मचाऱ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र संशयाने पाहू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत या विकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे नियमानुसार देय असलेली रजा, बैठे काम व वेळेची सवलत यांवरच अशा कर्मचाऱ्याची भिस्त असते.

ग्रामस्थांनी व कुटुंबीयांनी घरातील कामाची वाटणी नव्याने करावी. थकलेल्या सुनेला ‘कामचुकार’ म्हणणे सोपे आहे. तिच्या डोक्यावरचा हंडा दुसऱ्याने उचलणे हे खरे साहाय्य होय. छळामुळे वा निराशेमुळे ती खचली असेल, तर तेही मोकळेपणाने ऐकून घ्यावे. मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

पूर्ण आरोग्य देणे आज वैद्यकाच्या हाती नसले, तरी रुग्णाचा दिवस सुसह्य करणे आपल्या हाती आहे. त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावयास ना औषध लागते, ना निधी. त्या विश्वासापासूनच सुधारणेचा आरंभ होऊ शकतो.